मेंदी निघेपर्यंत

२१ नोव्हें., चिखली
लग्न मोडलं. उद्या होतं.
सकाळी खामगावहून प्रशांतच्या मामाचा फोन आला, बाबांना. पोरगा लग्नाला नाही म्हणून राह्यला, एवढंच. कारण विचारलं तर मामालाच ठाऊक नाही. प्रशांतचा फोन बंद. दुपारपर्यंत लावत बसले, बेशरमासारखी.
मंडप सोडायला माणसं आली तेव्हा आई आत जाऊन बसली. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल.

२२ नोव्हें.
हळद साबणानं गेली. मेंदी जाईना. वहिनीनं लिंबू, मीठ, खायचा सोडा, शेवटी खोबरेल, सगळं चोळून पाहिलं. हात नुसते चुरचुरतात. नको म्हटलं तरी ऐकेना. "अशी कशी नाही निघत, मी पाह्यते."
तिला काय सांगू. पाण्यात विरघळणारं पाणी नेतं, तेलात विरघळणारं तेल नेतं. हा रंग आता सुटा राहिलाच नाही. कातडीतल्या प्रोटीनशी कोव्हॅलंट बाँड करून बसलाय. कातडी झडेल तेव्हाच जाईल. आणि रंग चढावा म्हणून अक्कल मीच पाजळली होती. लिंबू पिळ, निलगिरीचं तेल घाल, रात्रभर पाणी लागू द्यायचं नाही. झाला ना गडद. बाया म्हणे, नवरा लय जीव लावणार. आग लागो त्या म्हणण्याला.

२५ नोव्हें.
कॉलेजात शिकवायला गेले. आई नको म्हणत होती. लग्नाची सुटी घरात बसून काय करू? स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकदम पेपर तपासायला घेतले. कोणी काही विचारलं नाही, त्याचाही राग आला.
अकरावी. केमिकल बाँडिंग, नेमकं. मीठ का विरघळतं, तेल का नाही. आयन सुटे होतात, पाणी त्यांना घेरतं, वगैरे. वर्ग फळ्याकडे कमी, माझ्या हाताकडे जास्त. एकानं विचारलं, साखरेतही कोव्हॅलंटच बाँड, मग ती काऊन विरघळते? बरं वाटलं. साखरेला ओएच गट असतात, पाण्याशी हायड्रोजन बाँड जुळतात, रेणू एकमेकांपासून सुटतात. रेणूच्या आतला बाँड मात्र तसाच राहतो. मन लावून सांगितलं. तेवढा वेळ प्रशांत आठवला नाही.
मग मागच्या बाकावरची पोरगी: "मॅडम, मग मेंदी काऊन नाही जात धुतल्यावर?"
तिच्या मनात काही नव्हतं, कळतं मला. शेजारणीनं तिला चिमटा काढला. मी फळ्यावर आकृती काढून नीट सांगितलं. तास संपल्यावर लॅबमागच्या खोलीत जाऊन खूप रडले.

३० नोव्हें.
हाताच्या पाठीवरची गेली. तळहातांवरची हटत नाही. डाव्या हातावर वेलबुट्टीत 'प्र' लपवला होता, तो पोळ्या लाटताना दिसतो. आज तारेच्या घासणीनं घासलं. रक्त निघालं. आईनं घासणी हिसकून फेकली.
त्याचा राग येत नाही, हाच त्रास आहे. यायला पाहिजे. मेल्याचा आवाज ऐकावासा वाटतो.

४ डिसें.
प्रशांतचा फोन आला. उचलला.  म्हणे, "मले भेव वाटलं."
कशाची भीती, विचारलं. ते सांगता येईना. दुसरी कोणी नाही म्हणतो. घरच्यांचंही काही नाही. नुसतं भेव. म्हणजे एवढंच? दुसरी कोणी असती तर तिला शिव्या तरी घातल्या असत्या. भेवाला काय करू?
घरी येऊ काय, म्हणाला, बाबांशी बोलतो. मी फोन ठेवला. नंतर दिवसभर फोन हातातच. जेवताना पण.

९ डिसें.
हात कोरे झाले. खिडकीत उजेडात धरून पाहिले, काही नाही. वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. उलट डाव्या तळहातावर 'प्र' कुठे होता ते शोधत बसले.
बाबांना फोनचं सांगून टाकलं. भडकतील वाटलं. अंगणात गाडी पुसत होते, पुसतच राहिले. मग म्हणाले, "मी त त्याले दारात उभा नाही करणार. पन तू सांग माय. तुले जायचं हाय काय त्याच्याकडं?"
नाही म्हणायचं होतं. त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि गाडी पुसायला लागले. बाबा माझ्याकडे पाहत राहिले, मग त्यांचेच डोळे भरले. त्यांना काय कळलं, कोण जाणे. मी अजून 'नाही' म्हटलेलं नाही.