जिवंत बाईचा टाक

अमरावती

घरधन्यांच्या पायावर डोकं ठेवून कोकिळेचा नमस्कार.

मी खुशाल आहो. तुम्हीच मले या ट्रेनिंग शाळेत धाडलं, म्हणून मन लावून शिकून राह्यली. आत्याबाईंचा गुडघा कसा हाय?

काल बाईंनी इंग्रजीतलं एक क्रियापद शिकवलं, ‘स्टन’. माणूस जागच्या जागी सुन्न व्हावा, असं काही करणं. बाईंनी वाक्य मागितलं, मले सुचलं नाही.

आज माझा शेषरावदादा आला, तवा सुचलं. तो न सांगता आपल्या घरी गेला होता म्हणे.

बायको मेली असं सांगून तुम्ही जालन्याकडची पोरगी करून आणली. मेलेल्या सवतीची मूर्त कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालायची रीत, म्हणून माझा टाक घडवून तिच्या गळ्यात बांधला. काऊन केलं असं?

त्या पोरीवर माझा राग नाही. बिचारी रोज आंघोळ करून मले हळदकुंकू लावते म्हणे.

शनिवारी सुट्टी लागते. खामगाव टेसनावर गाडी जुंपून या, अन् तिले संगं आणा. मी डब्यातून उतरली का त्या शब्दाचा अर्थ तिले कोणी शिकवायची गरज पडणार नाही.

तुमची, अजून जिवंत,
कोकिळा