दारावरची गुलाबी रेघ

बुधवार, संध्याकाळ

गाडी धुळ्याच्या गॅरेजमधून आली. दार नव्यासारखं झालंय, तरी करमत नाहीये.

पोळ्याला माहेरी, सोनगीरला गेले होते. मिरवणुकीला निघताना वडिलांचा, म्हणजे नानांचा बैल, राजा, गाडीच्या दाराला घासला. शिंगाचा ओला गुलाबी रंग ओरखड्यात बसला. नाना खजील होऊन चूक स्वतःवर घेत म्हणाले, "चूक मनीच शे, माय."

पुढे दिवाळीआधी राजा म्हातारपणानं गेला.

गॅरेजवाल्याला कसं सांगणार, की ती गुलाबी रेघ तेवढी राहू द्या? वेडी म्हणाला असता.

आज नाना आलेत. मावळतीच्या उजेडात दार गुलाबी दिसत होतं. क्षणभर वाटलं, रेघ आहेच. नाना गाडीपाशी गेले. रेघ होती तिथे, राजाच्या मानेवरून फिरवायचे तसा, हात फिरवत राहिले.