मेमरीच्या पट्टीवरचं सील

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (एकसष्ट पूर्ण झाली, तरी तुझ्यापुढे धाकट्याचाच) साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. आप्पा शहाऐंशीव्या वर्षीही जेवताना मागून घेतात, यावरून काय ते ओळख. तुझा गुडघा काय म्हणतो? वजन वाढलंय असं तुझा डॉक्टर म्हणतो, ते मनाला लावून घेऊ नकोस. त्याच्याकडचा काटा मी मागच्या खेपेला पाहिलाय, पाऊण किलो चढा आहे. मुद्दाम की अजाणता, ते अजून ठरवलेलं नाही.

पत्रास कारण, आपला कॉम्प्युटर बंद पडला. फोनवर सांगितलं नाही, कारण फोन हॉलमध्ये असतो, हॉलमध्ये आमची ही असते, आणि प्रकरण तिच्या भावाचं आहे. दोन वर्षं आप्पा आठवणी सांगताहेत आणि मी टाइप करतोय, हे तुला माहीतच आहे. दोनशे चार पानं झाली. नक्कल एकही नाही (तू तीनदा मागितलीस, मी दिली नाही, हातातून गेलेला कागद कुठे फिरेल याचा नेम नसतो). पण मशीन इतकं मंदावलं होतं की आप्पा शाळेतून नोकरीला लागले तरी पडद्यावर पाटी-दप्तरच उमटत असायचं. मेहुणा म्हणाला, दाजी, मेमरी वाढवू, पाच मिनिटांचं काम आहे. आता, हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आणि वजनमापांच्या खात्यात तीस वर्षं तराजूच्या पारड्यांखालचं मेण बोटांनी चाचपून काढताना मी एवढंच शिकलो, की पाच मिनिटांचं काम म्हणणाऱ्याच्या हाताकडे बघत राहावं. त्यातून गेले काही महिने मी दुपारी वाचनालयातून जरा लवकर परतलो, की हा आप्पांच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसलेला दिसायचा, आणि मला बघताच दोघं एकदम हवापाण्याविषयी बोलायला लागायचे. आप्पांना हवापाण्यात कधीपासून रस? (घराच्या कागदांचं सील मी त्याच दिवशी तपासलं. शाबूत होतं. तरी वरून दुसरं मारलं.)

म्हणून मेमरीची नवी पट्टी घरात आली तशी आधी मी ताब्यात घेतली. बोटभर लांबीची, हिरवी, एका कडेला सोनेरी दात. चांगली काढून फालतू बसवली तर मला काय कळणार? तेव्हा आमच्या खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे पारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी गुंडाळून सील केलं, वर सही आणि तारीख. मशीनमधून जुनी पट्टी निघाली, तिलाही तसंच. मेहुणा म्हणाला, दाजी, हे काढावं लागेल. मी म्हटलं, सील तुटलं तर पट्टी बसणार नाही. तो काहीतरी सांगायला लागला, तेवढ्यात मी म्हटलं, सील सोडून बोल. त्याचा रोख पहिल्यापासून सीलवर होता, हे लक्षात ठेव. शेवटी त्याने बहिणीकडे पाहिलं, उसासा टाकला आणि पट्टी दाबून बसवली.

बटण दाबलं. पंखा फिरला, तीनदा पीं पीं पीं झालं आणि पडदा काळाठिक्कर. जुनी पट्टी परत लावली, तरी तेच. म्हणजे नवी तर नवी, याने चालती जुनीही मारली! तो म्हणे पानं डिस्कवर आहेत, त्यांना काही होत नाही, फक्त ती चिकटपट्टी... मी म्हटलं, पुन्हा सील? आणि माझा तोल गेला. पानांची तुला एवढी खात्री कशी, आणि मी नसताना आप्पांच्या खोलीत काय चालतं, हे सगळं मी त्याला हिच्यादेखत विचारलं. तो चहा तसाच ठेवून निघून गेला. त्याचा स्क्रूड्रायव्हर इथेच राहिला. तेव्हापासून नऊ दिवस तो फिरकलेला नाही, आणि ही माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलते.

मी टेबल हलवून पाहिलं, प्लग बदलला, मशीन दुसऱ्या भिंतीला लावलं. पीं पीं पीं. जेवताना आप्पा म्हणाले, पुन्हा सांगायचं म्हटलं तर आता जमायचं नाही रे, बरंचसं तिथे ठेवून मी मोकळा झालोय. ताई, खरं सांगतो, मी ताटावरून उठलो आणि प्लग पुन्हा एकदा बदलून पाहिला.

काल आप्पांनी ती नवी पट्टी मागून घेतली. भिंग लावून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, या सोनेरी दातांवर तुझी सही कशाला? मी खात्याची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि बोलता बोलता नखाने सील सोलून काढलं. पट्टी बसवली, खट्ट आवाज झाला, बटण दाबलं. मशीन सुरू.

दोनशे चारही पानं जागच्या जागी होती. शेजारी आणखी एक फाइल होती, नाव ‘धाकटा’. अकरा पानं, टायपिंग माझं नव्हे (एका ओळीत चार चुका). त्या सगळ्या दुपारी आप्पा मेहुण्याला हे सांगत होते. का, तर म्हणे याच्याबद्दल यालाच लिहायला सांगितलं तर पुरावा मागेल. लहानपणी मी दूध आधी मांजराला पाजून बघायचो, तेही त्यात आहे. आणि शेवटच्या पानावर असं आहे: “मी दुपारी आडवा झालो, की वाचनालयात जाण्याआधी हा दार किलकिलं करून माझा श्वास चालू आहे का ते बघतो. मी डोळे मिटून मुद्दाम जोरात श्वास घेतो, म्हणजे त्याचा खोळंबा होत नाही.”

मी रडलो, ताई. (चष्मा पुसून पाहिला. चष्म्याचा दोष नव्हता.)

बाकी ठीक. गुडघ्याला शेक देत जा. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक काम होतं. मेहुणा तुझा शब्द मोडत नाही. त्याला फोन करून सांग, की मशीन आपोआप सुरू झालं आणि आप्पांची ‘धाकटा’मधली दोन प्रकरणं लिहायची राहिली आहेत. ती ते मला सांगायला तयार नाहीत. सीलचं काही बोलू नकोस.

ता. क. २ : आप्पांनी पत्र वाचायला मागून घेतलं. त्यांचं म्हणणं, सीलचं मीच जाऊन सांगायचं. तेव्हा तू फक्त तो घरी कधी असतो आणि कितपत रागावलाय एवढं काढून घे. स्क्रूड्रायव्हर घेऊन मी जातो.

ता. क. ३ : सोबत दोनशे चार पानांची नक्कल आहे. मोजून घे. पाकिटावर सील आहे, तुटलेलं आढळलं तर लगेच कळव. ती अकरा पानं मात्र पाठवत नाही. ती माझ्या टेबलावर उघडीच ठेवली आहेत, सील न लावता.