कमरेचं माप

प्रिय चिमणे,

तू पाठवलेला डबा संपायच्या आत मीच संपता संपता राहिले. आता ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. फोनवर सांगणार होते, पण त्या डब्याविषयी ब्र काढला की तू म्हणतेस, “आई, माझ्या ऑफिसात सगळ्याजणी जेवणाऐवजी हेच पितात,” आणि विषय बदलतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

बारीक व्हायची ती हिरवी पूड, डब्यावर पानाफुलांचं चित्र आणि खाली ‘संपूर्ण नैसर्गिक’. बाबा म्हणाले, धोत्राही नैसर्गिकच असतो. मी म्हटलं, तुम्ही कात्री चालवा, जीभ नको. चार दिवसांतच माझ्या अंगात असं काही वारं शिरलं की पहाटे उठून मी दुकानातली सगळी बटणं रंगांप्रमाणे लावून टाकली. छाती धडधडायची, हात थरथरायचे, सुईत दोरा जाईना. मला वाटलं, चरबी वितळताना असंच होत असणार.

आपल्या घरात वजनकाटा नाही, तुला ठाऊकच आहे. शिंप्याकडे फीत असताना काटा कशाला, हे बाबांचं तत्त्वज्ञान, आणि फीत कायम त्यांच्याच गळ्यात. पण कपडे काही खोटं बोलत नाहीत. माझा निळा ड्रेस कमरेत सैल व्हायला लागला, मग करडा, मग घरात घालायचासुद्धा. मी आरशासमोर गिरक्या घ्यायची आणि बाबा मशिनवर मान खाली घालून बसायचे. मला वाटायचं, जळतायत मेले. त्या हुरुपात एका चमच्याचे दोन झाले, दोनाचे तीन.

मग गेल्या आठवड्यात दुकानात भोवळ आली. आधाराला हाताशी आला तो कपडे घालून बघायच्या खोलीचा पडदा. पलीकडे बँकेतले साहेब एक पाय पँटमध्ये आणि एक बाहेर अशा अवस्थेत उभे. पडदा, दांडी आणि मी, तिघं एकदमच त्यांच्यावर कोसळलो. माणूस भला. टाचण्या लावलेल्या त्याच पँटीत त्यांनी मला गाडीतून दवाखान्यात पोचवलं.

तिथे नर्सबाई माझा ड्रेस सैल करायला गेल्या आणि म्हणाल्या, “हा आधीच किती वेळा उसवलाय. दोन्ही बाजूंना पट्टी जोडलीय.” मी बाबांकडे बघितलं, बाबांनी छताकडे. मग हळूच म्हणाले, “तू आरशासमोर तोंड पाडून उभी राहायचीस. मला बघवेना. म्हणून थोडी थोडी शिलाई सोडत गेलो.” उभा जन्म गिऱ्हाइकांचं कापड इमानाने कापलं आणि बायकोला मात्र कमरेत फसवलं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “डब्यावर लिहिलेलं आत असेलच असं नाही, आणि आत असतं ते सगळं डब्यावर लिहीत नाहीत. अशा पुडींत भूक मारणारी, बंदी घातलेली औषधंसुद्धा सापडतात, जुलाबाचीही. मग चरबीऐवजी पाणी जातं, क्षार जातात आणि हृदयाचा ताल चुकतो.” माझा चुकलाच होता. छातीला तारा लावून मला तिथेच ठेवून घेतलं. बाबा स्टुलावर बसून माझ्या पायाचा अंगठा धरून होते, सोडायला तयार नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले.

आणि काल तुझं माप आलं, थंडीच्या कोटासाठी. बाबांनी आकडे वाचले, पुन्हा वाचले. मग फितीचा तेवढाच गोल करून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. म्हणाले, “शाळेत होती तेव्हाची कंबर आहे ही.” परवा फोनवर, जिना चढताना धाप लागते, केस मूठमूठ गळतात, असं तू हसत हसत सांगितलंस, ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. ते जेवले नाहीत. कापड तसंच पसरलेलं आहे, खडू फिरवायला त्यांचा हात उठत नाही. बाळा, आज तुझ्याकडचाही डबा मोरीत ओत, डॉक्टरांकडे जा, आणि तिथून सरळ घरी ये. “या मापाचा कोट मी शिवणार नाही,” असं बाबांनी बजावून सांगितलंय. तू आलीस की स्वतः माप घेतील, आणि कापड कमी पडलं तर आणखी आणतील.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई