पिवळ्या कागदामागचं भोक

मिल ब्रूक, मेन
१८ ऑक्टोबर १९९८, रविवार

प्रिय लिनवुड,

तू बरा असशील, गुडघाही कुरकुर न करता चालत असेल, असं धरून लिहिते. नाताळला दोन महिने असताना माझं पाकीट बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. आपली कार्डं 'यंदा बर्फ खूप' याच्या पुढे कधी जात नाहीत, हे पत्र मात्र लांबणार आहे. कॉफी घेऊन बस.

मी ठीक आहे. जूनमध्ये शाळा सुटली ती कायमची, आता मी निवृत्त बाई. सफरचंदं भरपूर आली, पण निम्मी किडकी. मोठी बातमी म्हणजे मी स्वयंपाकघरात लाकडाचा स्टोव्ह बसवून घेतला.

हसू नकोस. आगीनंतर बाबांनी घर तापवायला तेलाची भट्टी आणली आणि या घरात पुन्हा लाकूड जळणार नाही म्हणून सांगितलं. ते गेल्यावरही मी ते पाळलं. पण जानेवारीत बर्फाने तारा तुटल्या आणि अकरा दिवस वीज नव्हती. विजेशिवाय ती भट्टी म्हणजे तळघरातलं नुसतं लोखंड. मी चर्चच्या हॉलमध्ये साठ माणसांत झोपले, त्यांतल्या निम्म्यांना मीच पाढे शिकवले होते. माझं घोरणं आता गावभर झालंय. तिथेच ठरवलं की पुढच्या हिवाळ्याआधी स्टोव्ह आणायचा.

गवंडी म्हणजे ओमेर थिबोडो. तू गेलास तेव्हा तो जन्मलाही नव्हता. चौथीत माझ्याच वर्गात होता, अक्षर भयंकर. छपरावरून उतरून मला म्हणतो, "वार्नीबाई, धुराडं म्हातारं आहे, पण ताठ उभं आहे. तुमच्यासारखंच."

"जपून बोल. तुझे मार्क मी अजून कापू शकते," मी म्हणाले.

त्याची पद्धत अशी की जुन्या विटांवर विसंबायचं नाही. वरून धुराड्यात स्टीलचा लवचीक पाइप सोडायचा, तो स्वयंपाकघरात धुराड्याला असलेल्या भोकापर्यंत आणायचा आणि तिथे स्टोव्हला जोडायचा. म्हणजे विटांत फट असली तरी ठिणगी पाइपातच राहते. आधी त्याने दोन बादल्या काजळी काढली. मग तो छपरावर आणि मी खाली, भोकाशी डोळा लावून.

"बाई, टोक दिसलं का?" वरून आवाज आला.

"नाही."

"आता?"

"अरे, दिसलं तर मीच ओरडेन ना."

पाइप मध्येच अडकला होता. ओमेरने दोरीला बांधून दिवा आत सोडला, बराच वेळ बघत राहिला आणि खाली आला. म्हणाला, "वरच्या मजल्यावर एक वीट आत आली आहे. खोलीच्या बाजूने कोणीतरी भोक बुजवलंय. वर पूर्वी स्टोव्ह होता का?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

लिन, मला चांगलं आठवत होतं. भोक जमिनीपासून किती उंचीवर होतं तेही.

दोन दिवस मी त्याला टोलवत राहिले. पाहुणे यायचेत म्हणाले, सर्दी झाली म्हणाले, शेवटी तर स्टोव्हच नको, परत ने, असंही म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. "बाई, एकतर मी ती भिंत फोडतो, नाहीतर तुम्ही हिवाळाभर चर्चमध्ये घोरा. भिंतीला काय घाबरायचं?"

मी म्हणाले, "फोड."

भिंत फुटायच्या आधी जे त्याला सांगितलं ते आता तुला सांगते. एक्केचाळीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

फेब्रुवारी सत्तावन्नमध्ये मी माझ्या खोलीला पिवळ्या गुलाबांचा कागद लावला, आठवतं? आजीच्या वेळचा खोलीतला स्टोव्ह गेला तेव्हापासून धुराड्याच्या त्या भोकावर पत्र्याची चकती असायची, तिच्यावर तळं आणि होडी रंगवलेली. चकतीमुळे कागद फुगायचा. म्हणून मी ती काढली, भोकात आईचे जुने मोजे आणि वर्तमानपत्रं कोंबली आणि वरून खळ लावून कागद ताणून बसवला. कुठे भोक होतं ते ओळखू येत नव्हतं. मला माझंच कौतुक वाटलं. चकती मी तळघरात सफरचंदांच्या पिंपामागे टाकली.

दहा दिवसांनी, त्या कडाक्याच्या सकाळी, तू खाली स्टोव्ह पेटवलास आणि धुराड्यातली काजळी पेटली. त्या काळी ती कोणाकडे पेटत नव्हती? विटांच्या आत गर्जायची आणि विझायची. आपल्याकडे मात्र माझा बोळा पेटला आणि त्याच्याबरोबर माझी भिंत. आईने जळता कागद हातांनी ओरबाडून काढला. त्यानंतर तिच्या उजव्या हाताची बोटं मिटली नाहीत. सुई काखेत धरून विणायला शिकली ती.

बाबा म्हणाले, लिनवुडने आळशीपणाने ओली लाकडं कोंबली. तू म्हणालास, लाकडं सुकी होती. ते म्हणाले, मग आग काय भिंतीतून आली? मी तिथेच उभी होते, अंगावर तुझा कोट. मूग गिळून गप्प बसले. मे महिन्यात तू देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओरेगनला जंगलतोडीच्या कामावर गेलास.

बाबांच्या अंत्यविधीला तू आलास, मागच्या बाकावर बसलास आणि जेवायला न थांबता निघालास. मी केक घेऊन तुझ्या गाडीपाशी आले ते हेच सांगायला. तू विचारलंस, "कशाचा आहे?" मी म्हणाले, "सफरचंदाचा." आणि तेवढ्यावर परत फिरले. त्याची मला अजून लाज वाटते.

हे सगळं ओमेरने ऐकून घेतलं. त्याने हातोडी घेतली आणि गिलावा फोडला. मला वाटलं होतं, आत जळके मोजे निघतील. निघाली ती चकती. तळं, होडी, एका कडेला थोडा गंज. भोकावर जिथे असायची तिथेच बसवलेली, आणि तिच्यावरून गिलावा केलेला. चकती काढली तर मागे विटा, वेड्यावाकड्या रचलेल्या. ओमेर म्हणाला, "हे गवंड्याचं काम नाही. कोणीतरी शिकाऊ." मग त्याने विटांमधल्या सिमेंटवर बोट ठेवलं. ते ओलं असताना खिळ्याने कोरलेली अक्षरं होती. लि. वा., एप्रिल ५७.

त्या आगीत जळालेला माझा पलंग जिथे असायचा, तिथे मी जमिनीवरच बसले.

आगीनंतर दुरुस्तीला म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली तू होतास, हे मी विसरले होते. म्हणजे तुला जळका बोळा सापडला होता. पिंपामागे चकती सापडली होती. सगळं कळूनही तू विटा लावल्यास आणि महिन्याभरात घर सोडलंस.

का गप्प राहिलास, ते मी चार दिवस विचार करतेय. मला वाटतं, मला उत्तर माहीत आहे. त्या सप्टेंबरात मी टीचर्स कॉलेजला जाणार होते. आईचा हात माझ्यामुळे गेला हे कळलं असतं, तर बाबांनी मला घरीच बसवलं असतं. सदतीस वर्षं मी शिकवलं, ओमेरसारख्या कितीतरी जणांना. लिन, ती वर्षं तुझ्याकडून आली. मी तुला घरापासून तोडलं आणि वर दर नाताळाला बर्फाच्या गोष्टी कळवल्या. मला माफ कर म्हणायला फार उशीर झालाय, तरी म्हणते.

त्या दिवशी सकाळी नऊला मी ओमेरला सांगितलं. जेवणाच्या वेळेपर्यंत ते पोस्ट ऑफिसात पोचलं होतं. मिल ब्रूक तू ओळखतोस. इतकी वर्षं गावात लोक 'लिनवुडची आग' म्हणायचे. आता 'बाईंची आग' म्हणतात. काल दुकानात माझ्या कानावर आलं. मी वळून म्हणाले, बरोबर आहे.

भोक ओमेरने नीट बंद केलं, पाइप खालपर्यंत आणून स्टोव्ह जोडला आणि सिमेंटातल्या तुझ्या अक्षरांसकट एक वीट मला काढून दिली. ती खिडकीत आहे. चकती स्वयंपाकघरात टांगली आहे. शुक्रवारी अग्निशमनवाले येऊन बघून गेले, सगळं ठीक म्हणाले. नव्या लोखंडी स्टोव्हला आधी दोनदा मंद आच द्यायची असते, तिसऱ्यांदा भरून पेटवायचा. मंद आच दोन्ही वेळा मी दिली. तिसऱ्यासाठी दोन वर्षं सुकलेलं मेपलचं लाकूड आत रचून ठेवलंय. पेटवलेलं नाही. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तेलाच्या भट्टीवर निभेल. तोवर ये. काडी तू लाव. लाकडं सुकी आहेत, मी प्रत्येक ओंडका आपटून, आवाज ऐकून बघितलाय.

त्या आगीची खरी मालकीण,
तुझी धाकटी बहीण
अर्लीन