पडद्याआधी दार उघडून मिळणेबाबत

अत्यंत तातडीचे
(दाराच्या खिडकीतून, शिपायाच्या हस्ते)

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी साहेब,
संगीतिका विभाग, नाट्यगृह कार्यालय,
वरचा मजला.

अर्जदार : मुख्य दिग्दर्शक, तालीम हॉल, खालचा मजला, खांबाजवळची खुर्ची.

विषय : (१) आज दुपारी आपल्या कार्यालयात अर्जदाराच्या घरून फोन आला होता किंवा नाही, याचे सही-शिक्क्यानिशी उत्तर मिळणेबाबत. (२) आला असल्यास रंगीत तालीम सोडून दवाखान्यात जाण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : (१) हॉलच्या दारावर लावलेला, अर्जदाराने तयार केलेला व आपण सही केलेला तालमीचा नियम. (२) मुख्य गायिकेचा रजेचा अर्ज व त्यावरील आपला शेरा.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळवतो की, आज पहिल्या अंकाची तयारी चालू असताना दाराच्या चौकोनी खिडकीतून शिपाई काहीतरी बोलून गेला. खिडकीजवळ मुख्य गायिका उभी होती. ती वळली आणि सर्वांसमक्ष अर्जदारास म्हणाली, "सर, तुमच्या घरून फोन आलाय. दादांना दवाखान्यात नेलंय, श्वास लागलाय. शुद्धीवर आहेत तोवर या म्हणाले." यावर अर्जदाराने टाळ्या वाजवल्या आणि म्हटले, "वा बाई वा! आत्ता कुठे जमायला लागलं. हेच तिसऱ्या अंकात दे." कोणी हसले नाही. अर्जदाराने पहिला अंक सुरू करायला सांगितला व खुर्चीत येऊन बसला, पण संहितेऐवजी त्याने कोरा कागद पुढे ओढला. सदर अर्ज त्या खुर्चीतूनच लिहिला आहे.

२. दादा म्हणजे अर्जदाराचे थोरले बंधू. आईवडिलांच्या मागे त्यांनीच अर्जदारास वाढवले. पुढच्या माणसाचे डोके आडवे येते म्हणून अर्जदारास खांद्यावर बसवून, स्वतःला काहीही न दिसता, अख्खी नाटके उभ्याने ऐकली. अर्धांगवायूने उजवी बाजू गेल्यापासून ते अर्जदाराकडेच असतात. अर्जदार प्रत्येक संगीतिका आधी घरच्या जेवणाच्या टेबलावर पात्रांच्या जागी वाट्या-पेले मांडून बसवत आला आणि दादा डाव्या हाताने एखादा पेला हळूच सरकवत. तो पेला नेमका योग्य जागी गेलेला असे. अर्जदाराच्या नावावर जी कीर्ती आहे तिच्यातले किती पेले दादांनी सरकवले, हे सांगण्याची ही जागा नव्हे. अर्जदारास जगात दुसरे कोणी नाही, एवढे नमूद करणे पुरे.

३. मग उठून का जात नाही, असा प्रश्न आपणास पडेल. साहेब, नियम आपल्या सहीचा आहे : "रंगीत तालमीत पडदा पडेपर्यंत कोणीही, कोणत्याही कारणाने, दाराबाहेर जाणार नाही. जो जाईल तो परत येणार नाही." त्याखाली "दिग्दर्शकासह" हा शब्द अर्जदाराने हौसेने स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि तो लिहिताना सगळ्यांकडे बघून मिशीत हसलाही होता. उद्या मोठ्या नाट्यगृहात पहिला प्रयोग आहे. या प्रयोगासाठी अर्जदाराने उभा जन्म वाट पाहिली. अर्जदार दाराबाहेर पडला की साहाय्यक दिग्दर्शक त्याच्या खुर्चीत बसणार, हे आपणही जाणता, कारण त्याची नेमणूक त्यासाठीच आहे. नियमाप्रमाणे दाराला बाहेरून कुलूप आहे, सर्वांचे मोबाईल पेटीत जमा आहेत आणि दोन्ही किल्ल्या आपल्याकडे आहेत. ही कल्पनाही अर्जदाराचीच. शिपायाला खिडकीतून विचारले असता, "मला काय माहीत साहेब, मी आत्ताच ड्युटीवर आलो, आधीचा गेला घरी," असे उत्तर मिळाले.

४. आता बातमीवर विश्वास का ठेवत नाही, ते सांगणे भाग आहे. गाणाऱ्याला सूर शिकवता येतो, पाठ ताठ ठेवायला शिकवता येते, मरताना तोंड प्रेक्षकांकडे कसे राहील हेही शिकवता येते. हुंदका शिकवता येत नाही. तो काढावा लागतो. दिग्दर्शन म्हणजे दुसऱ्याच्या आत हात घालून जे लागेल ते बाहेर काढणे, असे अर्जदाराचे मत आहे आणि ते त्याने कधी लपवले नाही. खालच्या पट्टीत गाणारे आमचे 'पहाड' म्हाताऱ्या सरदाराचे लंगडणे काही केल्या जमवेनात, तेव्हा अर्जदाराने त्यांच्या बुटात खडा घातला. आज ते बुटाशिवायही लंगडतात. नायकाच्या डोळ्यांत मत्सर दिसेना, तेव्हा त्याची बायको ढोलवाल्याबरोबर दिसली अशी पुडी सोडली. प्रयोग अप्रतिम झाला. ढोलवाल्याचा जबडा बांधावा लागला हे खरे, पण ढोल जबड्याने वाजवत नाहीत. कोरसच्या चेहऱ्यावर भीती हवी होती तेव्हा बाहेरून कडी लावून 'आग, आग' अशी बोंब ठोकली. त्या दिवशीची भीती बघून समीक्षक खुर्चीत उठून बसले होते. तात्पर्य, या मंडळीत कोणी कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. हे अर्जदाराच्या शिकवणीचे फळ असून आजवर त्याला त्याचा अभिमान होता.

५. मुख्य गायिकेचे प्रकरण आपणास माहीत आहे, तरी संदर्भासाठी मांडतो. तिसऱ्या अंकात तुरुंगातल्या राणीला खिडकीतून कळते की तिची आई वारली. राणीने आधी किंचाळायचे, मग गायचे. बाईचा आवाज सोन्याचा, पण किंचाळी म्हणाल तर पाल दिसल्यासारखी. पहिल्या वेळी हीच संगीतिका केली तेव्हा, प्रवेशाला जाण्याआधी, अर्जदाराने विंगेत तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, "आई गेली गं तुझी. आत्ताच फोन आला." आणि तिला प्रकाशात ढकलले. साहेब, ती किंचाळी आपणही पहिल्या रांगेतून ऐकली आहे. आपण रुमाल काढला होता. पडदा पडल्यावर अर्जदाराने तिला सांगितले, "अगं, आई ठणठणीत आहे. डोळे पूस आणि फुलं घे." ती राणीच्या सिंहासनावर बसून राहिली आणि तिने फुले घेतली नाहीत. अर्जदाराने तेव्हा याला उद्धटपणा म्हटले होते. त्या रात्री दादांनी एवढेच विचारले, "तू माणूस आहेस ना रे?" आणि त्यानंतर त्यांनी टेबलावरचा एकही पेला सरकवला नाही.

६. पुढे तिची आई खरोखरच अंथरुणाला खिळली. बाईने रजेचा अर्ज केला. अर्जदाराने 'शिफारस नाही' असे लिहिले व आपण त्यावर शेरा मारला : "पडद्यानंतर भेटावे." शेऱ्याचे शब्द अर्जदाराने सुचवले होते. आपणास ते आवडले होते आणि आपण ते पुढे इतरांच्या अर्जांवरही वापरलेत. त्या रविवारी दुपारच्या प्रयोगाआधीच घरून निरोप आला की म्हातारी शेवटच्या घटका मोजते आहे, मुलीला पाठवा. अर्जदाराने तो निरोप खिशात ठेवला. फुकट का घालवायचा? तिसऱ्या अंकाआधी विंगेत त्याने तो तिला सांगितला, शब्द न शब्द खरा. बाईने अर्जदाराकडे पाहिले आणि चक्क हसली. "सर, एकदा फसले. आता नवीन काहीतरी शोधा." आत गेली आणि कोरड्या गळ्याने अचूक गायली. मग रंग पुसला, केस विंचरले, पहाडांशी दोन गोष्टी बोलली आणि रमतगमत घरी गेली. घरी पोचली तेव्हा सगळे संपले होते. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असे शेजारणीने तिला सांगितले.

७. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने आपणाकडे लेखी तक्रार केली होती की, खरी बातमी देऊनही मुख्य गायिका रडली नाही, सबब समज द्यावी. त्यावर अद्याप निर्णय नाही. तीही आजच निकाली काढावी, म्हणजे काढू नये, म्हणजे परत करावी. अर्जदार ती मागे घेत आहे. तेव्हापासून बाई स्टेजवर किंवा स्टेजबाहेर रडल्याचे कोणी पाहिलेले नाही. तिच्या घरी आमच्यापैकी कोणी गेले नव्हते. दादा मात्र अर्जदाराला न विचारता चाकांच्या खुर्चीतून गेले आणि दिवसभर तिच्याजवळ बसून आले. ती आता त्यांना 'दादा' म्हणते. म्हणूनच अर्जदाराचे कोडे सुटत नाही. दादांच्या नावाने ती खोटे बोलेल काय? आणि ज्याने तिच्या आईच्या नावाने खोटे सांगितले त्याला ती खरे का सांगेल?

८. अर्जदाराने हॉलमध्ये चौकशी केली. पहाड म्हणाले, "खरं असेल हो. नसेलही." नायक म्हणाला, "सर, चेहरा छान पडलाय तुमचा, धरून ठेवा." ढोलवाल्याने जबड्याला हात लावून खांदे उडवले. साहाय्यक दिग्दर्शक अतिशय मायेने म्हणाला, "सर, तुम्ही निघा, इथलं मी बघतो," आणि तिथेच अर्जदाराची खात्री पटली की हे सगळे ठरवून चालले आहे. पण लगेच वाटले की बातमी खरी असली तरी तो हेच म्हणाला असता. प्रत्येकाचा चेहरा अर्जदाराने स्वतः घडवला आहे, आणि आता त्यांतला एकही त्याला वाचता येत नाही. मुख्य गायिकेला बाजूला घेऊन अर्जदाराने हात जोडले. होय साहेब, जोडले. ती म्हणाली, "सर, मी सांगितलं ते सांगितलं. आता तुम्ही विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मला तरी दुसरं काय करता आलं?"

९. तरी विनंती की,
(अ) फोन आला नसेल तर तसे शिक्क्यानिशी लिहून द्यावे. मुख्य गायिकेवर कारवाई करू नये. अर्जदार तिचे पाय धरील.
(ब) फोन आला असेल तर दार उघडून द्यावे व 'दिग्दर्शकासह' हा शब्द आजपुरता खोडावा. पेन अर्जासोबत पाठवत आहे.
(क) तेही नियमात बसत नसेल, तर आपल्या स्तरावरून दवाखान्याला फोन करून, दादांनी कृपया पडदा पडेपर्यंत थांबावे असे कळवावे. ते अर्जदाराचे ऐकत नाहीत, पण अधिकाऱ्यांचा मान ठेवतात.
(ड) खुर्ची साहाय्यक दिग्दर्शकाला द्यायची तर द्यावी. अर्जदाराची हरकत नाही. दुसरा अंक सुरू झाला आहे. कृपया लवकर.

आपला, आयुष्यात प्रथमच नम्र,
(सही)
मुख्य दिग्दर्शक
दिनांक : आजचाच

सोबत : (१) मुख्य गायिकेच्या रजेच्या अर्जाची प्रत, शेऱ्यासह. (२) पेन, एक.

ता. क. अर्ज खिडकीतून देऊन बराच वेळ झाला, उत्तर नाही, म्हणून हा कागद मागाहून पाठवत आहे. तिसरा अंक सुरू झाला. राणीला खिडकीतून बातमी कळली आणि बाई किंचाळली. साहेब, पहिल्या वेळची किंचाळी हिच्यापुढे काहीच नव्हे. कोरसमधल्या बायका गायचे विसरल्या, पहाड भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ती गाते आहे आणि तिचा सगळा चेहरा भिजला आहे आणि ती सबंध वेळ अर्जदाराकडेच बघते आहे. अर्जदाराने हयात हुंदके पारखण्यात घालवली. हा खरा की केलेला, ते त्याला ओळखता येत नाही. हात जोडतो, साहेब, फक्त हो किंवा नाही एवढे कळवा. दादा शुद्धीवर असतील तर दाराकडे बघत असतील.

कार्यालयीन शेरा :
अर्ज व ता. क. वाचले. पेन मिळाले.
पडद्यानंतर भेटावे.
(सही व शिक्का)