बांधाच्या दाराची चावी

आषाढ अमावास्या, संध्याकाळ

चावी अजून कमरेलाच आहे. खाडीचं खारं पाणी भातमळ्याबाहेर ठेवणाऱ्या बांधाचं दार माझ्याकडे सोपवताना भिकाजीकाकांनी बजावलं होतं, "चावी कामापुरती घेवची. काम झाला काय परत खुंटयेक. कमरेक बांधलंस तर हाताक नको ती कामां सुचतत."

मी मात्र आठवडाभर मिरवतोय. आज दुपारी भर भरतीत शेजारचा दाजी म्हणाला, "जरा उघड रे, कोळंबी येतली." उघडलं. खुंटीपर्यंत जावं लागलं असतं, तर उघडलं असतं का? आणि कोळंबीच्या नादात बंद करायला उशीर झाला.

आत्ता मळ्यातलं पाणी बोट बुडवून चाखलं. खारट. साऱ्या वाडीची भाताची कोवळी लावणी त्यात उभी आहे.

अंगणातून काका हाक मारतायत, "चावी खंय आसा रे?"